जुन्या मोटारीचा निकाल

जालना शहराचे नाव आज ज्या दोन धंद्यांमुळे महाराष्ट्राबाहेरही घेतले जाते, त्यांपैकी एक बियाण्यांचा आणि दुसरा सळईचा. आणि या दुसऱ्या धंद्याचा कच्चा माल ज्याने औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने जाताना एकदा तरी न्याहाळला असेल, त्याला जुन्या वस्तूंच्या अखेरीविषयी निराळे प्रवचन ऐकण्याची गरज उरत नाही. मालमोटारींत खच्चून भरलेल्या त्या भंगारात मोडक्या कपाटांचे पत्रे असतात, नांगरांचे झिजलेले फाळ असतात, कारखान्यांतून निघालेल्या लोखंडाच्या कातरणी असतात, आणि अधूनमधून, दाबून चपटे केलेले पण ज्यावरचा रंग अद्याप पुरता उडालेला नाही असे, एखाद्या मोटारीचे दार असते. भट्टीकडे पाठवण्यापूर्वी भंगारवाले मोटारीच्या अंगातील विजेच्या तारा ओढून काढतात, आणि हे केवळ तांब्याला चांगला भाव येतो एवढ्याच कारणाने नव्हे. पोलादात तांब्याचा अंश वाढला तर तापून लाल झालेली कांब लाटली जात असतानाच पृष्ठभागावर तडकू लागते, म्हणून कारखानदारालाही ते नकोच असते. बॅटरीतील शिसे, इंजिनातील ॲल्युमिनियम, आसनांचा फोम, काचा हे सारे असेच वेगळे होते, आणि उरलेला सांगाडा सुमारे सोळाशे अंश सेल्सिअसच्या इंडक्शन भट्टीत वितळून, ओतला जाऊन, लाटला जाऊन, कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये सळई होऊन पडतो. टनभर वजनाच्या मोटारीत लोखंड आणि पोलाद मिळून सहाशे-साडेसहाशे किलो भरते. भंगाराचा भाव किलोला तीस रुपये धरला, तर ज्या वाहनासाठी एखाद्याने तारुण्यातील बचत ओतली, त्याची रक्कम अठरा-वीस हजार होते.

हा हिशेब आरंभीच मांडण्याचे प्रयोजन असे की, जिवापाड जपलेली जुनी वेगवान मोटार ठेवावी की विकावी, याचा खल करताना आपण दोनच मार्ग आहेत असे धरून चालतो. वस्तुतः तिसरा मार्ग आपोआप सुरूच असतो. मालक विचार करीत राहतो, मोटार लिंबाच्या झाडाखाली उभी राहते, आणि ज्याचा निर्णय माणसाने घेतला नाही त्याचा निर्णय गंज घेतो.

वेगवान मोटार म्हटले की मुंबईच्या सागरी सेतूवरून गुरगुरत जाणारी परदेशी मोटार डोळ्यांपुढे येते. परंतु तालुक्याच्या गावी या संज्ञेचा अर्थ पुष्कळच सैल आणि माझ्या मते अधिक प्रामाणिक असतो. अंबड किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या मोसंबीच्या बागायतदाराने बागेचे पहिले भरघोस पैसे आल्यावर घेतलेली फियाट पॅलिओ ही त्याच्या लेखी वेगवान मोटारच असते, आणि ती तशी नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. २००१ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून, म्हणजे जेथे वालचंद हिराचंदांनी स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी घडत असे त्याच ठिकाणाहून, ही मोटार बाजारात आली, आणि तिच्या १.६ लिटर इंजिनाची सुमारे शंभर अश्वशक्ती त्या काळच्या लहान मोटारींत अपूर्व होती. पेट्रोल पिण्याबद्दल ती बदनाम झाली ती झालीच. गोव्यात १९९८ च्या सुमारास तयार होऊ लागलेली, दोघांपुरती आसने आणि उघडे छत असलेली सॅन स्टॉर्म ही त्याहून विलक्षण वस्तू: रेनो कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे इंजिन, जेमतेम साठ अश्वशक्ती, आणि फायबरचे अंग. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. मात्र तिच्या अंगाला गंज चढत नाही, आणि जालन्याच्या भट्टीलाही त्या अंगाचा काडीचा उपयोग नाही.

या प्रश्नावर मराठी माणसाने डोळ्यांपुढे ठेवावे असे एक उदाहरण सर्वश्रुत आहे, परंतु त्यातील अर्धाच भाग बहुधा सांगितला जातो. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली, आणि त्या प्रीत्यर्थ इटलीच्या फियाट-फेरारीकडून त्याला फेरारी ३६० मोडेना ही मोटार, मायकेल शूमाखर याच्या हस्ते, भेट देण्यात आली. ३.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, चारशे अश्वशक्ती, आणि जमिनीला पोट टेकेल की काय अशी ठेवण. त्या मोटारीवरील सीमाशुल्क, एक कोटी तेरा लाख रुपये, माफ करण्याचे केंद्र सरकारने ठरवताच २००३ मध्ये एकच गदारोळ उठला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेरीस ही रक्कम फियाट कंपनीने भरली. २०११ साली ही फेरारी सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. पुढच्याच वर्षी याच मोटारीभोवती गुंफलेला ‘फेरारी की सवारी’ हा राजेश मापुसकर यांचा चित्रपट आला, ज्याचा नायक, योगायोग पाहा, परिवहन कार्यालयातील एक कारकून आहे.

उरलेला अर्धा भाग २०२० सालचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मुलाखतीत तेंडुलकरने सांगितले की, आपली पहिली मोटार मारुती ८०० होती, दुर्दैवाने ती आज आपल्यापाशी नाही, ती पुन्हा मिळाली तर आवडेल, आणि ती कोठे आहे हे ऐकणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक असेल तर त्याने जरूर कळवावे. घराजवळच्या उघड्या चित्रपटगृहात मोटारीत बसून चित्रपट पाहायला लोक येत, आणि आपण भावासह सज्जात तासन्‌तास उभे राहून त्या मोटारी न्याहाळत असू, असेही त्याने सांगितले. मराठीचे प्राध्यापक आणि कवी असलेल्या रमेश तेंडुलकरांचा तो मुलगा; वांद्र्याच्या साहित्य सहवासात, लेखकांच्या वसाहतीत वाढलेला. ज्याच्या दारी जगातील कोणतीही मोटार उभी राहू शकते, त्याला जाहीरपणे परत हवीशी वाटली ती एकेकाळी रस्त्यारस्त्यावर दिसणारी, ३७ अश्वशक्तीच्या आसपासची, पत्र्याची लहानशी मारुती.

यावरून ‘पहिली मोटार कधी विकू नये’ असा सिद्धांत काढण्याचा मोह होईल, तो आवरावा. तेंडुलकरला पहिली मोटार विकण्याची चूक भोवली असे म्हणण्यात अर्थ नाही. त्या वयात ती विकली नसती तर पुढची घेता आली असती की नाही कोण जाणे. या उदाहरणातून एवढेच निष्पन्न होते की वाहनाची किंमत, त्याचा वेग आणि त्याची ओढ ही तीन निरनिराळी खाती आहेत, आणि एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात मांडल्याने जमाखर्च जुळत नाही. विकताना पस्तावा होईल किंवा नाही हे पाहायचे असेल, तर मोटारीकडे पाहू नये. तिच्यातून आपण कोठे गेलो होतो हे आठवावे.

आता पैशाच्या खात्याकडे वळू. जुनी मोटार ‘पडून राहिली तर भाव उतरेल’ म्हणून घाईने विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे गणित नव्या मोटारीचे असते. वाहनाच्या किमतीतील मोठी घसरण पहिल्या पाच-सहा वर्षांतच होऊन जाते, आणि वीस वर्षांच्या पॅलिओला आज जो भाव येईल तोच, ती चालती असल्यास, दोन वर्षांनीही जवळपास येईल. याच्या उलट ‘भाव चढेल’ या आशेने मोटार बांधून ठेवणारेही असतात, आणि त्यांची निराशा अधिक खोल असते. कारण भाव चढतो तो थोड्याच मोटारींचा, ज्या मुळात दुर्मिळ होत्या, मूळ रूपात राहिल्या, आणि ज्यांचे सर्व दस्तऐवज शाबूत आहेत त्यांचा. हजारोंनी खपलेल्या मोटारीची ती योग्यता येण्यास पन्नास वर्षे लागतात, आणि तोवर मालकाचे वय काय होईल तेही धरावे लागते. सारांश, भावाच्या चिंतेने ठेवू नये आणि भावाच्या भीतीने विकू नये. खरा खर्च निराळ्याच ठिकाणी आहे: सुटे भाग, विमा, सरकारी फी, सावलीची जागा, आणि मालकाचा वेळ.

सरकारी फीबद्दल जालन्यात जितक्या अफवा ऐकू येतात तितक्या क्वचितच दुसऱ्या विषयावर ऐकू येत असतील. ‘पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी उचलून नेते’ ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. असा हुकूम महाराष्ट्रात नाही. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील जी बंदी वर्तमानपत्रांत गाजली, ती राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली व राजधानी परिसरासाठी घातलेली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीच उचलून धरली. एमएच-२१ क्रमांकाच्या खाजगी मोटारीला तिचा संबंध नाही. कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ अन्वये खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तपासणीत वाहन योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे २००२ साली नोंदलेली मोटार २०१७ मध्ये आणि २०२२ मध्ये परिवहन कार्यालयात जाऊन आली असेल, तर तिची पुढची पाळी २०२७ ची. मोफत मात्र काही नाही. साध्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती दहा हजार केली. परदेशातून आणलेल्या वीस वर्षांवरील मोटारीला तर ऐंशी हजार. त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर, तृतीय पक्षाचा सक्तीचा विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला, आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना बंधनकारक झालेली उच्च सुरक्षा नंबर पाटी. दहा हजार पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला दोन हजार पडतात. ज्याची मोटार चालते त्याला ही रक्कम जड नाही, आणि ज्याची मोटार उभी आहे त्याला मात्र ती नाहक भुर्दंडच आहे.

पन्नास वर्षे ओलांडलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये केंद्राने निराळा अध्याय उघडला आहे. चेसिस, अंग आणि इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या अशा दुचाकी-चारचाकीस वीस हजार रुपयांत दहा वर्षांची विशेष नोंदणी मिळते, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि प्रदर्शन, जुन्या वाहनांची रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या बाजारहाटीला ती नेणे नियमबाह्य. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या मागील आवारांत एखादी साठ-सत्तर वर्षांची जीप किंवा फियाट उभी आढळली तर आश्चर्य नको; परंतु तिला हा सन्मान मिळवून देण्यापूर्वी, आपण तिला चालवू इच्छितो की पाहू इच्छितो, याचा आधी निवाडा करावा.

चालवणे आणि पाहणे यांतील या भेदाचे एक उदाहरण निजामाच्या दौलतीतच घडले आहे, ज्या दौलतीत जालनाही १९४८ पर्यंत होते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी सिंहासनासारखे आसन असलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मागवली. ती येऊन पोहोचण्यापूर्वीच १९११ मध्ये ते निवर्तले, आणि पुढे ही पिवळी मोटार केवळ समारंभापुरती बाहेर पडत राहिली, इतकी की तिचे एकूण धावणे काही शे मैलांपलीकडे गेले नाही. दशकानुदशके ती पडून होती. आज ती नीटनेटकी करून हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली आहे, आणि ती पाहायला लोक तिकीट काढून जातात. निजामाला हे परवडले, कारण त्याच्यापाशी राजवाडा होता. आपल्यापाशी पत्र्याची शेड असते, आणि तीही बहुधा खताच्या पोत्यांनी अर्धी व्यापलेली.

उभ्या मोटारीचे नेमके काय होते, हे सामान्य मालकाला क्वचितच कोणी उलगडून सांगते. ‘खराब होते’ एवढ्यावर बोळवण केली जाते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून मोटार फिरो वा न फिरो, ते दोन वर्षांनी बदलावे लागते. बॅटरीच्या पट्ट्यांवर क्षार धरतात. क्लचची तबकडी चिकटून बसते. बंपरामागच्या उबेत उंदीर घर करतात, आणि ज्या जिल्ह्यात धान्याची व बियाण्यांची गोदामे जागोजाग आहेत तेथे उंदरांची ददात नसते. त्यांनी कुरतडलेल्या एका तारेचा शोध घेण्यात मिस्त्रीचे दोन दिवस जातात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे आपल्याच उसाच्या मळीतून, रसातून आणि धान्यातूनही येते, म्हणून त्याच्यावर रागावणे मराठवाड्याच्या माणसाला शोभत नाही. परंतु ते पाणी ओढून घेते, आणि २०२३ पूर्वीच्या बहुतेक मोटारींच्या रबरी नळ्या, सील व टाक्या या मिश्रणाचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. महिनोन्‌महिने टाकीत साठलेले असे इंधन तळाशी गंज धरवते आणि इंजेक्टरांची अरुंद तोंडे बुजवते. यावर उपाय महागडा नाही: जुन्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्यांनी बदलाव्या, टाकी अर्धवट भरून महिने काढू नयेत, आणि पंधरवड्यातून एकदा मोटार खरोखरच फिरवावी. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवून बंद करणे हा काही फिरवण्याचा पर्याय नव्हे. त्याने इंजिन पुरते तापत नाही आणि धुराच्या नळीत पाणी मात्र साचते. वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन चांगले तापेपर्यंत, असा फेरा हवा. जालन्याहून राजूरच्या गणपतीला जाऊन यावे, तेवढ्यात दर्शन आणि देखभाल दोन्ही साधते.

फेरारीसारख्या मोटारीतही हेच तत्त्व, फक्त बिलाचा आकडा निराळा. ३६० मोडेनाच्या इंजिनात दात असलेले रबरी टायमिंग पट्टे असतात, आणि ते किलोमीटरांवर नव्हे तर वर्षांच्या हिशेबाने बदलायचे असतात. मोटार एक मैल न चालता तीन-चार वर्षे उभी राहिली तरी पट्टे म्हातारे होतातच, आणि चालत्या इंजिनात पट्टा तुटला तर वॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात. कमी चाललेली मोटार म्हणजे निरोगी मोटार, हा समज ग्राहकांत इतका रुजलेला आहे की विकणारे त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

टायरांचेही तसेच. टायरच्या बाजूस लंबगोलात चार अंक छापलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खोबणी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांपुढच्या टायरवर भरवसा ठेवू नये, विशेषतः आता, जेव्हा डिसेंबर २०२२ पासून जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो आणि ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला तो काँक्रीटचा सरळ पट्टा जुन्या वेगवान मोटारीच्या मालकाला हाक मारत असतो. वैशाखातल्या दुपारी, तापलेल्या काँक्रीटवर, दहा वर्षांच्या टायरांनिशी आपल्या तरुणपणाची परीक्षा घेऊ नये. पहाटे जावे, टायर बदलून जावे, आणि शंभरच्या आत राहावे.

ठेवण्याच्या बाजूने बोलताना आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की जुनी मोटार ठेवणे ही एका माणसाची आवड असली तरी तिचा भार घरातील सर्वांवर पडतो. २०१३ च्या उन्हाळ्यात, जेव्हा जालना जिल्हा दुष्काळाने होरपळत होता आणि गावोगाव टँकरची वाट पाहिली जात होती, तेव्हा मोटार पाण्याने धुणे हा शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरणारा अपराधच होता. ओल्या फडक्याने पुसूनही मोटार राहते. पुसली जात नाही ती घरातील नाराजी. आणि ज्या मोटारीच्या सुट्या भागांसाठी दर वर्षी पोरांच्या फीकडे बघून खर्च करावा लागतो, ती मोटार कितीही देखणी असो, ती त्या घरात टिकू नये असेच माझे मत आहे.

वडिलांची मोटार हा निराळाच पेच. जमिनीची वाटणी होते, सातबारावर हिस्से लागतात, घराच्या खोल्याही भिंत घालून वेगळ्या करता येतात. मोटारीचा मात्र हिस्सा पडत नाही, म्हणून तीन भावांच्या वादात ती तिघांचीही राहते आणि कोणाचीच राहत नाही. मालक निवर्तल्यावर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून मोटार आपल्या नावे करून घ्यावयाची असते, आणि भावनेच्या भरात ही मुदत हमखास टळते. पुढे विमा वडिलांच्या नावे, नोंद वडिलांच्या नावे, आणि अपघात मुलाच्या हातून, अशी स्थिती आली की दाव्याच्या वेळी सगळ्या आठवणी वकिलाच्या दफ्तरात जाऊन बसतात. भावांपैकी ज्याला चालवायची आहे त्याने दुसऱ्यांना त्यांच्या हिश्श्याची वाजवी रक्कम देऊन मोटार आपल्या नावे करून घ्यावी. कोणालाच चालवायची नसेल तर ती विकून पैसे वाटावेत. दोन्ही गोष्टी प्रतिष्ठेच्या आहेत. शेडमध्ये तिला तीन मालकांनिशी सडू देणे एवढेच अप्रतिष्ठेचे.

तेव्हा माझा निकाल, ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी, असा आहे. पुढच्या वर्षभरात महिन्यातून दोनदा तरी जी मोटार तुम्ही स्वतः रस्त्यावर काढणार आहात, जिचे काम जाणणारा आणि तुमचा फोन उचलणारा मिस्त्री जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात आहे, आणि जिच्यावर वर्षाला होणारा खर्च तुम्ही घरात उघडपणे सांगू शकता, ती मोटार ठेवा, आणि भावाचा विचार सोडून द्या. यांतील एक जरी गोष्ट नसेल तर ती विका. पण चालती असताना विका. चालत्या जुन्या मोटारीला गिऱ्हाईक असते, आणि त्यातही हौशी गिऱ्हाईक असते, जे मूळ हत्यारांची पेटी, दुसरी किल्ली, जुनी सेवापुस्तिका यांना पैसे मोजते. बंद पडलेल्या मोटारीला फक्त भंगारवाला असतो. अधिकृत मोडतोड केंद्रात मोटार देऊन ठेव प्रमाणपत्र घेतले, तर नव्या खाजगी वाहनाच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद २०२१ च्या धोरणात आहे, आणि जिची चेसिस गंजून गेली आहे अशा मोटारीसाठी हाच सन्मानाचा मार्ग आहे; गल्लीतल्या भंगारवाल्याकडे मोटार टाकली तर नोंद तुमच्याच नावावर राहते.

नोंदीची ही बाब विकणारे लोक ज्या बेफिकिरीने हाताळतात ती पाहून नवल वाटते. ‘कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली, आता आपला संबंध संपला’ असे म्हणणाऱ्याने सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल अवश्य वाचावा, ज्यात एक मोटार एकामागून एक चार हातांतून गेली, नोंद पहिल्याच्या नावे राहिली, मागे घेताना त्या मोटारीखाली माणसे सापडून त्यांतील एक मुलगा दगावला, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. नमुना २९ व ३० भरून, त्याच राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत, हस्तांतराची खबर द्यावी. परवानाधारक विक्रेत्याला मोटार दिली असेल तर नमुना २९-सी ची पोच मागून घ्यावी. आणि परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आपले नाव उतरल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत सर्व कागदांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

ठेवणाऱ्यांसाठीही एक कागद आहे. पुनर्नोंदणीचा नमुना २५ चा अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करावयाचा असतो, आणि उशीर झाल्यास मोटारीला दरमहा पाचशे रुपये जादा पडतात. मुदतीची तारीख नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेली असते. ती आजच काढून पाहावी.